सात नंबरचा ताबा

भुताची गोष्ट रात्रीचीच असायला हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही ऐकू नये. ही भर दुपारची गोष्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसातली, ट्यूबलाइटच्या उजेडातली. पंखे फिरत होते, कुणीतरी जांभया देत होतं, खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. आणि तरीही जिच्यावर हे गुदरलं ती बाई आजसुद्धा दुपारचे चार वाजले, की हातातलं काम खाली ठेवते आणि काटा पुढे सरकेपर्यंत गप्प बसून राहते.

ऑफिसात तिला सगळे किल्लीबाई म्हणत. तिच्याकडे एकही किल्ली नव्हती, पण अख्ख्या ऑफिसचे पासवर्ड तिच्या हातात होते. काम नदीचं. नदीकाठी अंतराअंतरावर अकरा चौक्या होत्या. प्रत्येक चौकीत एक निरीक्षक. त्याने तासातासाला पाण्यात उभी केलेली पट्टी वाचायची, आकडा एका छोट्या फाइलीत लिहायचा, पुढे शेरा लिहायचा, आणि ती फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवून द्यायची. आकडा वाढला, की खालच्या गावांना इशारा जायचा. काम साधं, पण त्यावर हजारोंचा जीव.

नियमही एकच, पण कडक. बदलीचा माणूस येऊन 'ताबा घेतला' असा शेरा लिहीपर्यंत आधीच्या माणसाने चौकी सोडायची नाही. जाणारा लिहिणार 'ताबा दिला', येणारा लिहिणार 'ताबा घेतला'. मधे एक क्षणही चौकी रिकामी राहता कामा नये.

हा नियम ज्यांनी घालून दिला, ते पलीकडच्याच टेबलावर बसत. सर्व्हरही त्यांनीच वीस वर्षांपूर्वी उभा केलेला. त्यांना सगळे नियमकाका म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. पेन्सिलीचं थोटूक संपेपर्यंत वापरणारा माणूस. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

त्या शुक्रवारी किल्लीबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता, त्याला कारणं दोन. पहिलं म्हणजे वरून आलेला हुकूम. दुसऱ्या एका ऑफिसात कुणी चोर शिरला होता, तोही एका निवृत्त कारकुनाच्या खात्यातून. कारकून घरी बसून नातवंडं खेळवत होता आणि त्याचं खातं सर्व्हरवर तसंच उघडं. आता हुकूम असा, की पाच वाजायच्या आत जुनी खाती काढा, पासवर्ड कुणालाही वाचता येतील असे उघडे पाठवणं बंद करा, आणि ज्याला त्याला सर्व्हरवर आपल्यापुरतीच खोली द्या, दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येऊ नये अशी.

दुसरं कारण धाकटा. तिचा भाऊ. दोन वर्षं घरी बसून होता, आई झुरत होती. सात नंबरची चौकी पुन्हा सुरू होणार असं कळलं, तेव्हा किल्लीबाईने साहेबांपाशी शब्द टाकला आणि धाकट्याला चिकटवून दिलं. जुनी सात नंबर दोन वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेली होती, निरीक्षकासकट. ती तेव्हा या ऑफिसात नव्हती, नुसतं ऐकून होती. नवी चौकी पन्नास पावलं वर, पक्क्या जोत्यावर बांधली होती. तरी सकाळी धाकटा बसमध्ये चढताना आईने किल्लीबाईचाच हात धरला. "तू आहेस म्हणून पाठवतेय हं त्याला." धाकटा खिडकीतून हसत होता. "ताई, चार वाजता माझा पहिला आकडा येणार बघ. खातं तयार ठेव."

सर्व्हरवर तेवीस खाती होती. तिने एकेकाला फोन लावून खातरजमा करायला सुरुवात केली. चार नंबरवाल्याने पासवर्ड मशीनवरच चिकटवला होता, म्हणे विसरायला होतं. नऊ नंबरवाल्याचा पासवर्ड म्हणजे त्याच्या मांजरीचं नाव, आणि मांजरीचं नाव अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. तिने दोघांनाही हसत हसत झापलं. पाच जण निवृत्त झालेले, त्यांची खाती काढून टाकली. असं करत दीडच्या सुमाराला ती सात नंबरवर आली. जुन्या निरीक्षकाचं खातं. मेलेल्या माणसाचं. हे तर डोळे झाकून काढायचं.

काढण्याआधी सवयीप्रमाणे तिने शेवटची नोंद पाहिली. खातं शेवटचं कधी वापरलं? आज. दुपारी एक वाजता.

तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. त्याआधी बारा वाजता. त्याआधी अकरा. तासातासाला, न चुकता, रात्रंदिवस, दोन वर्षं. सतरा हजारांच्या वर फाइली. कुणाच्या नजरेला पडल्या नाहीत, कारण रोजच्या तक्त्यात फक्त चालू चौक्यांचेच आकडे उमटत आणि सात नंबर तर कागदोपत्री बंद होती.

सापडला चोर, असं तिला वाटलं. मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. साहेबांपुढे ठेवायला काहीतरी मिळालं. तिने एक फाइल उघडली.

पाणी चौदा मीटर वीस. शेरा: बदली आली नाही.

दुसरी उघडली. चौदा वीस. बदली आली नाही. मागच्या महिन्यातली, मागच्या वर्षातली, कुठलीही उघडा. चौदा वीस. बदली आली नाही. आज नदी शेजारच्या सहा आणि आठ नंबरवर जेमतेम तीन मीटर होती, वाळू दिसत होती. कुठला चोर दोन वर्षं तासातासाला उठून हे लिहील? आणि फाइली येत होत्या कुठून, ते तिने शोधलं, तर नोंदीत जुन्या सात नंबरच्या लाइनचा क्रमांक होता. ती लाइन पुरातच तुटली होती. खांबसुद्धा उरले नव्हते.

तेव्हाच तिला वास आला. सर्व्हरची खोली तिच्या पाठीमागेच, काचेच्या दाराआड. तिथे बारा महिने कोरडी गार हवा, धुळीचा कणही नाही. तिथून गाळाचा वास येत होता. पूर ओसरल्यावर घराघरातून येतो ना, तसा कुजका, ओला.

"काका, जरा इकडे या..."

नियमकाका आले. पडद्यावर काय आहे ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांना नवल वाटलं नाही. हेच तिला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. ते खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "बंद नको करू, पोरी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही तसंच चालू ठेवलंत? अहो, हुकूम आहे! उद्या कुणी शिरलं तर..."

"कुणी शिरलेलं नाही. तोच आहे." त्यांनी मान खाली घातली. "त्या दिवशी फोनवर मीच होतो. म्हणाला, साहेब, पाणी जोत्याला लागलंय, बदली येईल का? मी म्हटलं, बदली निघालीय. ताबा दिल्याशिवाय हलू नका. खरं तर कोणी निघालं नव्हतं. रस्ता बंद होता. मला वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे, आकडे येत राहिले पाहिजेत. त्याने शेवटचा आकडा पाठवला तो चौदा वीस."

किल्लीबाईला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. दोन वर्षं या माणसाने हे कुणाला सांगितलं नाही, आणि आज तिथेच तिचा भाऊ चालला होता.

"हे खातं काढलं तर तो जाईल कुठे, सांग ना," नियमकाका म्हणाले. "निदान इथे तरी..."

तेवढ्यात साहेबांनी दारातून आवाज दिला. "काय हो किल्लीबाई, झालं का? पाचच्या आत मला यादी पाठवायचीय वर. आणि सात नंबरचं नवं खातं?"

"झालंच, साहेब."

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती चूक फक्त या कामातलाच माणूस करू शकतो. सर्व्हर माणसाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतो, चौकीच्या नव्हे, खात्याच्या. नाव आपल्या सोयीसाठी. प्रत्येक फाइलीवर तिच्या मालकाचा नंबर असतो. खातं काढलं, की नाव जातं. फाइली मात्र राहतात, कारण नदीचे आकडे कधीच पुसायचे नसतात, हाही काकांचाच नियम. त्या फाइली मग नुसत्या नंबरावर पडून राहतात, बेवारशी. आणि नवं खातं उघडणारा जो प्रोग्राम नियमकाकांनी लिहिला होता, तो त्यांच्याच वळणावर गेलेला. काटकसरी. नवा नंबर काढायचा नाही, जो सर्वांत लहान मोकळा असेल तोच द्यायचा.

किल्लीबाईला हे माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने नंबर हाताने टाकला असता. पण साडेतीन होऊन गेले होते, डोक्यात राग होता, नाकात तो वास होता. निवृत्तांचे पाच नंबर तिने दुपारीच पाच नव्या कारकुनांना देऊन टाकले होते. तिने मेलेल्या निरीक्षकाचं खातं काढलं. पाच मिनिटांनी धाकट्याचं उघडलं. नियमकाका आपल्या टेबलावर पाठ करून बसले होते. तिने धाकट्याला त्याचा पासवर्ड पाठवला आणि घाम पुसला.

चार वाजले. घड्याळाचा ठोका पडायला आणि पडद्यावर फाइल उमटायला एकच गाठ पडली. सात नंबर. नाव धाकट्याचं.

शेरा: बदली आली. ताबा देत आहे.

तिने चौकीचा फोन फिरवला. पहिल्याच रिंगला धाकट्याने उचलला.

"ताई! अगं, आत्ताच पोचलोय. मशीन अजून उघडलंसुद्धा नाही."

"मग फाइल कुणी पाठवली?"

"मी नाही बाई. ते काका असतील. इथे आधीचे काका आहेत ना, ते समजावून देतायत सगळं. चांगले आहेत गं. पण पार भिजलेत... ऊन पडलंय आणि हे ओलेचिंब."

"कुठे आहेत ते?"

"हे काय, शेजारीच. वही पुढे केलीय, सही मागतायत. ताब्याची."

"सही करू नकोस! ऐकतोयस ना, सही..."

"केली की गं. आत्ताच."

पडद्यावर दुसरी फाइल आली. शेरा: ताबा घेतला. आणि तिसरी, तास व्हायची वाट न बघता. पाणी चार मीटर दहा. तिने सहा आणि आठ नंबर पाहिले. तीन मीटर. तीन मीटर. नदी जिथल्या तिथे होती. पुन्हा सात. सात मीटर साठ.

"ताई..." धाकट्याचा आवाज बदलला होता. लहानपणी अंधारात घाबरला की असा येत असे. "ताई, पायाला गार लागतंय."

"बाहेर पळ!"

"दार... दार उघडत नाहीये. ते काका म्हणतात, बदली आल्याशिवाय हलायचं नाही... असा नियम आहे..."

फोनमधून पाण्याचा आवाज येऊ लागला. खळखळाट नव्हता तो. भरत जाणाऱ्या हौदाचा येतो, तसा जड, घुमणारा. दहा मीटर नव्वद. तिने फाइलींची जुनी यादी उघडली. सतरा हजार फाइली, दोन वर्षांच्या, एकूण एक धाकट्याच्या नावावर. सात नंबरवर दोन वर्षं तोच उभा होता, असं सर्व्हर म्हणत होता.

"नंबर कुठला दिलास?"

नियमकाका तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"त्याचाच... काका, त्याचाच गेला! मी बघितलं नाही! मी आत्ता बदलते, धाकट्याला दुसरा नंबर..."

"बदल. पण तो मोकळा सोडू नकोस. मोकळा सुटला की पुन्हा कुणाला तरी धरेल."

"मग काय करू?"

"मला दे."

तिने मान वळवून पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भीती होती, चांगली दिसण्याइतकी. पण आवाज शांत होता. "बदली निघालीय, असं मी त्याला सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं उशीर झाला, एवढंच. घाल माझ्या नावावर."

बारा मीटर तीस.

तिने विचार केला नाही. करायला हवा होता का, हे ती आजही ठरवू शकलेली नाही. तिने धाकट्याचा नंबर काढून घेतला, त्याला नवा दिला, आणि तो जुना नंबर नियमकाकांच्या नावासमोर टाकला. तेरा मीटर ऐंशी. फोनमध्ये आता धाकटा बोलत नव्हता. नियमकाका वाकले, तिच्याच मशीनवर, दोन बोटांनी, नेहमीसारखं हळूहळू टाइप करू लागले. ती ओरडली, "काका, लवकर!" त्यांनी शेवटचं टिंबसुद्धा दिलं.

ताबा घेतला.

पाण्याचा आवाज थांबला, नळ बंद करावा तसा.

"ताई?" धाकटा खोकत होता. "ताई, अगं... काहीच नाहीये इथे. सगळं कोरडं. मी टेबलावर का चढलोय?"

तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने विचारलं, "ते... ते कुठे आहेत?"

"गेले. सही खोडली माझी. म्हणाले, तुझी नाही रे पोरा, फोनवरच्या साहेबांची बदली होती, उशिरा का होईना आले. आता घरी जातो म्हणाले."

तिने धाकट्याला मिळेल त्या बसने परत यायला सांगितलं. त्याने कटकट केली, नोकरीचं काय म्हणाला. तिने त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली, तेव्हा निघाला. फोन ठेवून ती वळली, तोवर नियमकाका आपली पिशवी घेऊन दाराशी पोचले होते. पाच वाजायला अजून अवकाश होता, आणि पाचच्या आधी ते कधी उठत नसत. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. फरशीवर पावलं उमटत होती, गाळाची.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबा खिडकीतल्या खुर्चीवरून उठत नाहीत, जेवायलासुद्धा. समोर भिंत आहे, तिच्याकडेच बघत बसतात, आणि तासातासाला काहीतरी आकडा पुटपुटतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. "आणि एक विचारू का, ताई?" सून म्हणाली. "बदली म्हणजे काय हो? सारखं विचारतात, बदली आली का. आणि त्या खुर्चीखालची फरशी, कितीही पुसा, ओलीच."

किल्लीबाईने यादी वर पाठवून दिली होती. सगळी खाती तपासली, जुनी काढली, एक सोडून. त्या एकासमोर तिने लिहिलं होतं, 'चालू'. तासातासाला तिथे फाइल येत राहिली. चौदा वीस. बदली आली नाही. ती रोज बघायची आणि कुणाला सांगायची नाही. कधीकधी तिच्या मनात यायचं, की आपण तेच करतोय जे काकांनी केलं. पण बंद करावं तर तो म्हातारा जाईल कुठे?

धाकटा दुसरीकडे नोकरीला लागला, कोरड्या जागी. आई खूश आहे.

वर्ष उलटलं. कालच वरून पुन्हा हुकूम आला, खाती तपासा, पाच वाजायच्या आत. ती यादी घेऊन बसली. चार वाजले. सवयीप्रमाणे ती हातातलं खाली ठेवून गप्प बसली, आणि फाइल आली. तिने उघडली. पाणी चौदा वीस.

शेरा: बदली निघाल्याचं कळलं.

तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. तिने तडक धाकट्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात. चौथ्या मजल्यावर. का गं?"

"कुठे निघाला नाहीस ना? कुणी बोलावलं नाही ना?"

"छे! जेवून सुस्तावलोय. काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "काही नाही रे. ठेव." तिने फोन ठेवला आणि मोठा श्वास सोडला. तो सुखरूप होता. बाकी काय व्हायचं ते होवो. तिने यादी पुढे ओढली, चपला शोधायला टेबलाखाली पाय लांबवले, आणि तिच्या पायाला गार लागलं.